निष्ठा मागता, नेमणूक कधी देता?

जळकोटसारख्या गावात कॉलेजचे एखादे क्रीडाशिक्षक पुण्याला निघाले, की त्यांचा निकाल बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पहिला चहा संपायच्या आत लागतो. "सर चालले म्हणं." "चालले की. शेवटी पैशाकडंच गेले." "एवढी लेकरं तयार केली अन् अर्ध्यात सोडली." मग कोणीतरी जाणता माणूस मान हलवून म्हणतो, "पहिल्यासारखी निष्ठा राहिली नाही आता." तेच मत आठवड्याभरानं निरोप समारंभात व्यासपीठावर येतं, फक्त तोवर त्याला इस्त्री झालेली असते. "सरांना मोठं क्षेत्र खुणावत होतं, आम्ही गरिबांनी त्यांना कसं अडवावं?" असं अध्यक्षसाहेब म्हणतात. टाळ्या पडतात, आणि टोमणा ज्याला बसायचा त्याला बरोबर बसतो.

या मताची मला चीड येते, कारण ते भाबडेपणाचं सोंग घेतं आणि आतून पक्कं व्यवहारी असतं.

तरी आधी ते त्याच्या वकिलानं मांडावं तसं नीट मांडतो. एक, आडवळणाच्या गावातली पोरं घडवणं हे व्रत आहे, त्याला नोकरीचा हिशेब लावू नये. दोन, या मातीनं सरांना मान दिला, तेव्हा मातीचं ऋण फेडायला त्यांनी इथंच थांबावं. तीन, खरा गुरू जागा सोडत नसतो. आचरेकर सरांनी शिवाजी पार्क सोडलं का? चार, सर गेले की त्यांच्या हाताखालच्या पोरांचं वाटोळं होतं. बस्स, एवढंच. गेली कित्येक वर्षं आपण या चार वाक्यांवर माणसं तोलतो आहोत. ती वाक्यं कधी कोणी तोलली का?

व्रतापासून सुरुवात करू. या व्रतस्थ माणसाचा दिवस कधी बघितलाय? पहाटे साडेपाचला तो मैदानावर असतो. फक्कीचं पोतं स्वतःच्या मोटारसायकलवर टाकून आणलेलं. कबड्डीचं मैदान स्वतःच आखायचं, सुतळीचं एक टोक एका पोरानं धरायचं, दुसरं सरांनी. आणि बोनस रेषेपर्यंत येईस्तोवर फक्की संपली तर उरलेली रेष बुटाच्या टाचेनं ओढायची. साडेसातला पोरं घरी आणि सर कॉलेजात. तिथं शिस्त सांभाळा, परीक्षेची बैठक व्यवस्था लावा, पंधरा ऑगस्टचं संचलन बसवा, गॅदरिंगला गेटवर उभे राहा. नॅकची समिती येणार असली, की पाच वर्षांच्या क्रीडा विभागाच्या फायली पंधरा दिवसांत रंगवा. संध्याकाळी पुन्हा मैदान. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा जवळ आल्या की पोरांचे पात्रता अर्ज, फोटो, सनदेच्या झेरॉक्स, प्राचार्यांची सही. उदगीरपर्यंतचं आणि तिथून पुढचं एस.टी.चं भाडं आधी सरांच्या खिशातून, बिल नंतर, मंजुरी त्याहून नंतर. संघ जिंकला तर वर्तमानपत्रातल्या फोटोत मधोमध संस्थाचालक उभे असतात आणि सर कडेला, अर्धे कापलेले.

आणि या दिवसाच्या बदल्यात हातात काय? बहुतेकांच्या हातात अकरा महिन्यांचा आदेश, नाहीतर तासिका तत्त्व. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे. पहाटे साडेपाचचं मैदान त्यातल्या कुठल्याच तासात बसत नाही. हे पैसेही महिन्याच्या महिन्याला मिळतील अशी आशा कोणी धरत नाही. मे महिना आला की आदेश संपतो, जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच अध्यक्षांपुढं तीच फाईल. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, हे खरं. पण ती जागा निघते कधी? नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारनं मोठ्या गाजावाजानं प्राध्यापक भरतीला मान्यता दिली. त्यात सहायक प्राध्यापकांची पदं होती 3,580 आणि शारीरिक शिक्षण संचालकांची 139. हा आकडा एका जिल्ह्याचा नाही, हजारावर अनुदानित महाविद्यालयं असलेल्या अख्ख्या महाराष्ट्राचा आहे. ही भरती हलते न हलते तोच मे 2020 उजाडला आणि करोनाचं कारण सांगून नव्या नेमणुकांवर बंदी आली. आणि जागा निघालीच, तर तिचा 'भाव' काय चालतो हे गावातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतं. एम.पी.एड. झालेला, सेट झालेला, तिशी ओलांडलेला माणूस. विकायला तेवढं शेत नाही म्हणून वर्षानुवर्षं 'तात्पुरता'. शाळांची कथा वेगळी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शंभरावर पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणासाठी निदेशक दिला, तोही अंशकालीन. पोरगं पूर्णवेळ वाढतं, निदेशक मात्र अर्धवेळ.

आता मला सांगा, व्रताची अट फक्त याच माणसाला का? गावात सप्ताह बसतो तेव्हा कीर्तनकार महाराजांची तारीख आणि पाकीट आधी ठरतं; गाव ते वर्गणी काढून आनंदानं देतं आणि त्यात कोणाला भक्तीचा अपमान दिसत नाही. डॉक्टर फी घेतात, वकील घेतात, क्लासवाले सर आगाऊ घेतात. हिशेब विचारला की पावित्र्य भंगतं ते फक्त मैदानावरच्या माणसाचं. का? कारण त्याला व्रत म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. एवढं साधं आहे हे.

दुसरं, मातीचं ऋण. हे ऋण वसूल करायला निघालेली माणसं कोण आहेत ते एकदा पाहून घ्यावं. जळकोट तालुका होऊन पंचवीस वर्षं उलटली. लातूर जिल्ह्याच्या कडेला, मुखेडच्या शेजाराला असलेला हा डोंगराळ, कोरडवाहू मुलूख. इथली माणसं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, पुण्याच्या कंपन्यांत आणि हैदराबादच्या बांधकामांवर जातात. जाणं ही इथल्या घराघरातली गोष्ट आहे; कोणाच्या जाण्याला कोणी गद्दारी म्हणत नाही. ज्याच्याकडं चार पैसे आहेत तो तर आणखी लवकर जातो. दहावीचा निकाल लागायच्या आधीच त्याच्या मुलाची लातूरला खोली बघून झालेली असते. व्यासपीठावरून मातीचं ऋण सांगणाऱ्या साहेबांचं स्वतःचं बिऱ्हाड कुठं आहे? लातूरला. मुलगा? पुण्याला. नातू? त्याचा पत्ता इंग्रजीत लिहावा लागतो. स्वतःचं लेकरू अकरावीला लातूरला घालणारा बाप क्रीडाशिक्षकाला म्हणतो, तुम्ही मात्र जळकोट सोडू नका. तुमच्या लेकराला मोठं मैदान पाहिजे, सरांना नको?

लातूर पॅटर्नचंच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी ज्या पॅटर्नचं नाव केलं, त्याच्या भोवती पुढं क्लासेसची अख्खी पेठ उभी राहिली. तिथं फिजिक्स-केमिस्ट्रीच्या सरांची पळवापळवी चालते. आज एका क्लासच्या होर्डिंगवर असलेला चेहरा पुढच्या जूनमध्ये चौकातल्या दुसऱ्या होर्डिंगवर दिसतो. लातूरचे सर नांदेडला जातात, परराज्यातले सर लातूरला येतात. यावर कोणी निष्ठेचा गळा काढलेला ऐकलाय? उलट बाप मंडळी कौतुकानं एकमेकांना आकडा सांगतात, "एवढ्या पॅकेजवर उचलला म्हणं त्या सरांना!" फिजिक्सचा सर गेला तर तो 'उचलला', कबड्डीचा सर गेला तर तो 'पैशाकडं गेला'. एकाच्या जाण्यानं त्याची किंमत वाढते, दुसऱ्याच्या जाण्यानं त्याचं चारित्र्य उघडं पडतं. हा फरक निष्ठेचा आहे की नीटच्या मार्कांचा?

आणि समजा सर थांबले. मग हीच तोंडं काय म्हणतात? "हुशार असता तर इथं कशाला पडून राहिला असता? बाहेर कुठं जमलंच नसंल." वीस वर्षं त्याच मैदानावर फक्की मारणाऱ्या माणसाबद्दल हे मी याच कानांनी ऐकलंय. गेला तर लोभी, राहिला तर नालायक. ज्या न्यायालयात दोन्ही बाजूंनी शिक्षाच होते, तिथं त्यानं हजर तरी का राहावं?

तिसरा मुद्दा गुरुपरंपरेचा. हा तर मला फार आवडतो, कारण तो मांडणाऱ्यांनी ना महाभारत नीट ऐकलेलं असतं ना आचरेकरांची गोष्ट. उत्तम प्रशिक्षकाला भारत सरकार 1985 पासून जो पुरस्कार देतं तो कोणाच्या नावानं? द्रोणाचार्यांच्या. हे द्रोणाचार्य कोण होते? घरात दूध नाही म्हणून अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी पाजावं लागलं, जुना मित्र द्रुपद राजा झाल्यावर ओळख विसरला, तेव्हा हस्तिनापूरला जाऊन राजघराण्याची नोकरी धरणारे गृहस्थ. देशातल्या प्रशिक्षकांचा सर्वोच्च सन्मान ज्याच्या नावानं आहे, त्यानं पोटच्या पोराच्या दुधासाठी मोठी नोकरी पत्करली होती. त्यांच्या चरित्रात नावं ठेवायचीच तर जागा आहे, एकलव्याच्या अंगठ्याची. पण हस्तिनापूरला गेल्याबद्दल त्यांना आजवर कोणी निष्ठाहीन म्हटलेलं नाही. मग जळकोटच्या सरांच्या लेकराला दूध लागत नाही का?

आता आचरेकर सर. रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्क सोडलं नाही, हे अगदी खरं. 1990 चा द्रोणाचार्य पुरस्कार, 2010 ची पद्मश्री, जानेवारी 2019 मध्ये ते गेले तेव्हा खांदा द्यायला आलेले शिष्य, हे सगळं महाराष्ट्रानं डोळे भरून पाहिलं. पण थांबले कुठं? भारतीय क्रिकेटच्या उंबरठ्यावर. शिवाजी पार्कवर थांबलेल्या माणसाला मोठ्या जागी जायचं तर जाणार कुठं? शिवाय ते स्टेट बँकेत नोकरीला होते. महिन्याची चूल मैदानावर अवलंबून नव्हती. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट पुढंच आहे. वांद्र्याच्या शाळेत शिकणारा एक मुलगा त्यांच्याकडं आला तेव्हा त्याला त्यांनी काय सांगितलं? ती शाळा सोड आणि दादरच्या शारदाश्रमात ये, तिथला क्रिकेट संघ चांगला आहे. पुढं तो मुलगा मैदान जवळ पडावं म्हणून घर सोडून काका-काकूंकडं राहायला आला. न हलण्याचा आदर्श म्हणून ज्यांची तसबीर आपण लावतो, त्यांनी सचिन तेंडुलकरला पहिला धडा दिला तो चांगल्या जागी हलण्याचा. वांद्र्याच्या शाळेची निष्ठा तेव्हा कोणी काढली नाही, हे भारताचं नशीब.

चौथा मुद्दा सगळ्यात जोरकस समजला जातो: सर गेले की पोरांचं वाटोळं. इथं आपल्याच जिल्ह्याचा इतिहास साक्षीला बोलावतो. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. 1969 मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातूरलाच झाली आणि ती गदा त्यांनीच जिंकली. पुढं ते वस्ताद झाले, तालीम चालवली ती पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत. मुदगडला थांबले नाहीत म्हणून मराठवाड्याचं काय बिघडलं? बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याकडं गेला. बिराजदारांच्या मागं त्याला सांभाळलं काका पवारांनी. काका पवार लातूरजवळच्या साई गावचे, तालीम पुण्यात कात्रजला. राहुलनं 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. जानेवारी 2020 मधली महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत आठवते? नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. जिंकल्यावर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर घेतलं. तो फोटो आपण सगळ्यांनी मोबाइलवर फिरवला, 'आपला लातूरचा' म्हणून. मग मला सांगा, साईचे काका पवार साईतच बसले असते तर तो खांदा आणि तो फोटो कुठून आला असता?

कुस्तीत पैलवानाला रोज तोडीचा जोड लागतो. गावात एका वजनात एकच पोरगं असतं, ते कोणाशी लढणार? मॅट लागते, खुराक लागतो, दुखापत झाली तर तिची जाण असलेला डॉक्टर लागतो. हे जिथं आहे तिथं वस्ताद गेला आणि त्यानं मागचं दार उघडं ठेवलं, म्हणून आपली पोरं तिथवर पोचली. माळेगावच्या जत्रेतल्या दंगलीत फेटे उडवणाऱ्या आपल्या गावांना पुण्यात एक हक्काचा उंबरठा मिळाला तो थांबलेल्या माणसामुळं नाही, गेलेल्या माणसामुळं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, आणि ती लहान नाही. मुलगे सरांच्या मागं जाऊ शकतात, मुली जाऊ शकत नाहीत. खो-खो किंवा कबड्डी खेळणारी अकरावी-बारावीची मुलगी स्पर्धेला परगावी जाते ती एका वाक्याच्या जोरावर. बाप म्हणतो, "सर संग असतील तरच." सर गेले की ते वाक्य संपतं, आणि बऱ्याचदा मुलीचा खेळ संपतो, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरतं. हे नुकसान खरं आहे. पण त्याचं खापर सरांच्या डोक्यावर कसं फोडता? एका माणसानं बस पकडली आणि अख्खा संघ बुडाला, याचा अर्थ तिथं क्रीडा विभाग कधी नव्हताच. एका माणसाची फुकटची मेहनत होती आणि संस्था तिच्यावर आपली पाटी लावून बसली होती. त्या मुलीचा एवढा कळवळा असेल तर संघासोबत जायला एक महिला प्रशिक्षक नेमा, सरांच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करा, मुलींसाठी मैदानावर संडास बांधा. हे करायला पैसे लागतात. सरांना शिव्या द्यायला लागत नाहीत. म्हणून आपण शिव्या निवडतो.

"पण काही जण थांबतातच ना?" हा शेवटचा प्रश्न असतो, मोठ्या ऐटीत विचारलेला. थांबतात की. धाराशिवचे चंद्रजित जाधव बघा. खो-खोची सारिका काळे त्यांच्या हाताखाली तयार झाली, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार झाली आणि 2020 मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी. हे सगळं धाराशिवात राहून. त्यांना माझा दंडवत आहे. पण त्यांचं नाव दुसऱ्याच्या पाठीवर आसूड म्हणून वापरायचा अधिकार कोणी दिला? खो-खोला माती लागते, दोन खांब लागतात, आणि या खेळाचं घरच महाराष्ट्रात आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा भारताचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. धाराशिवात खो-खो शिकवणारा माणूस त्या खेळाच्या वाड्यात राहतो. हेच गणित बास्केटबॉलच्या, कुस्तीच्या, जलतरणाच्या माणसाला कसं लावणार? जळकोटला जलतरणाचा प्रशिक्षक थांबवायचा, तर त्यानं पोहायला शिकवायचं कशात, शेततळ्यात?

थांबवणं म्हणजे काय हे पाहायचं तर थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांपुढं दर उन्हाळ्यात हाच प्रश्न असतो, छोट्या कॉलेजात राहायचं की मोठ्या संघाकडं जायचं. बटलर या लहानशा विद्यापीठाला ब्रॅड स्टीव्हन्सनं 2010 आणि 2011 अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेलं आणि 2013 मध्ये तो व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सकडं गेला. उलट 2010 च्या त्याच अंतिम सामन्यात त्याला हरवणाऱ्या ड्यूकच्या माइक शिशेव्स्कीनं 2004 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचं बोलावणं नाकारलं होतं. आणि स्पोकेन नावाच्या आडबाजूच्या शहरातल्या गोंझागा विद्यापीठाचा मार्क फ्यू 1999 पासून तिथंच मुख्य प्रशिक्षक आहे. 2017 आणि 2021 मध्ये त्यानंही संघ अंतिम सामन्यात नेला. फ्यूच्या नावानं आपले अध्यक्षसाहेब नक्की भाषण ठोकतील. त्यांनी भाषणाआधी एवढंच वाचावं: फ्यूच्या विद्यापीठानं 2004 मध्ये सहा हजार प्रेक्षक बसतील असं नवं बास्केटबॉल संकुल उभारलं. तिथं प्रशिक्षकाशी लेखी करार असतो, वर्षं ठरलेली असतात, मधेच गेला तर भरपाई कोणी किती द्यायची तेही लिहिलेलं असतं. तिकडच्या पैशाशी आपली बरोबरी नाही, हे मलाही कळतं. कोटीतला पगार कोणी मागत नाही. पण कागदावर सही करायला कोटी लागतात का? अकरा महिन्यांऐवजी पाच वर्षांचा आदेश द्यायला डॉलर लागतात का?

पूर्वी आपल्याकडंही अशी माणसं होती. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशाचं काय झालं ते देशाला ठाऊक आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. निष्ठेवर बोलायचा अधिकार खर्डेकरांना होता. झोनल स्पर्धेचं एस.टी.चं बिल तीन महिने टेबलावर ठेवणाऱ्यांना तो कुठून आला?

सरकारचीही बाजू सोडायला नको. जळकोट उदगीर मतदारसंघात येतं. जुलै 2023 पासून वर्षभराहून जास्त काळ राज्याचं क्रीडामंत्रिपद याच मतदारसंघाच्या आमदारांकडं होतं. पण मंत्री घरचा आला तरी कॉलेजचा शारीरिक शिक्षण संचालक असतो उच्च शिक्षण खात्याकडं, शाळेचा निदेशक शालेय शिक्षणाकडं, आणि संकुलं आणि क्रीडा अधिकारी क्रीडा खात्याकडं. पोरगं एकच, मैदान एकच, फायली तीन खात्यांत. कोणाला विचारायचं? आणि क्रीडा खात्याची पत किती? जुलै 2025 मध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, पण कृषी खातं गेलंच आणि बदली खातं म्हणून त्यांना काय मिळालं? क्रीडा! अख्ख्या महाराष्ट्रानं त्यावर विनोद केले. मैदानावर राबणाऱ्या माणसाला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडलं नसेल. ज्या राज्यात क्रीडा खातं ही मंत्र्याची शिक्षा समजली जाते, तिथं क्रीडाशिक्षकानं तालुक्याला राहणं हे सन्मानाचं समजावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

तेव्हा निष्ठेचा हिशेब मांडायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी मांडा. आधी संस्थेनं कायम नेमणुकीचा आदेश द्यावा, आणि तो देणगीशिवाय द्यावा. मैदान सपाट करून कुंपण घालावं, नांगरट आणि लग्नाचे मांडव त्यातून हटवावेत. फक्की, बॉल, मॅट यांचे पैसे जूनमध्ये हातात द्यावेत. प्रवासाचं भाडं संघ निघायच्या आधी द्यावं. दुसरा माणूस नेमावा, मुलींसाठी बाई नेमाव्यात. गॅदरिंगच्या गेटवर शिपाई उभा करावा आणि सरांना मैदानावर राहू द्यावं. एवढं सगळं देऊनही एखादा गेला, तर मग खुशाल त्याला पैशाकडं गेला म्हणा; मीही तुमच्यासोबत म्हणेन. पण यातलं एकही न देता, शाल, नारळ आणि फेटा एवढ्या भांडवलावर माणसाचं अख्खं आयुष्य अडवून ठेवायला निघालात, तर गेलेले सर तुमच्यापैकी कोणालाही एका शब्दाच्याही उत्तराचं देणं लागत नाहीत. ऋण त्यांचं फिटलेलं आहे, दररोज पहाटे साडेपाचला, व्याजासकट. थकबाकी आहे ती आपली.